वाढत्या मापाची पेटी

पाइनच्या लाकडाचा वास मला अजूनही दुपारच्या झोपेत येतो. जेवण झालं, पडदा ओढला, डोळा लागायला आला की कुठूनतरी तो गोडसर, डिंकाचा वास येतो आणि मी पुन्हा पॅकिंग सेक्शनच्या शेडमध्ये जाऊन उभा राहतो. पत्र्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे उतरलेले, त्यात भुसा तरंगतोय, लांब कुठल्यातरी कंपनीचा भोंगा होतोय, त्याच्यामागून दुसरीचा, मग तिसरीचा. कुणाचं घड्याळ कुणाशी जुळायचं नाही. ही म्हणते, "झोपेत रंधा मारता तुम्ही, हात हलतो." हलत असेल. इतकी वर्षं हलला, आता एकदम कसा थांबेल.

मी सुतार, मूळचा चिपळूणकडचा. त्रेसष्टच्या सुमाराला पिंपरीत आलो आणि कंपनीच्या पॅकिंगला लागलो. बाहेर जाणाऱ्या मालाला खोकी करायची आणि परदेशातून येणाऱ्या मशीनची खोकी उघडायची, हे काम. मशीन आलं की साहेब लोक मशीनभोवती जमायचे आणि मी खोक्याभोवती. काय लाकूड असायचं ते. सरळ, गाठ कमी, हात फिरवला तर रेशीम. रिकामी खोकी कामगारांना गेटपासवर मिळायची, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या निम्म्या घरांतले पाट, पाळणे, देव्हारे त्या लाकडाचे आहेत. या अंकाच्या संपादकांनी मला त्या देव्हाऱ्यांवरच लिहायला सांगितलं होतं. पण देव्हारे पुष्कळांनी केले. कुत्र्यांच्या पेट्या करणारा या भागात मी एकटा होतो, आणि तेच लिहिणार आहे. संपादकांना पटलं नाही तर त्यांनी छापू नये.

सुरुवात एका जर्मन बाईपासून झाली. तिचा नवरा मशीन बसवायला आला होता, दोघं चिंचवडला बंगल्यात राहायची. तिनं कुत्र्याचं पिल्लू पाळलं, लांबुडकं, आखूड पायांचं. एक दिवस मला बोलावणं आलं. बाईला मराठी येत नव्हतं, मला जर्मन. तिनं फरशीवर खडू घेतला. पिल्लाला उभं केलं, रेघ मारली. गोल फिरवलं, रेघ मारली. आडवं झोपवलं, रेघ मारली. आणि त्या रेघांभोवती चौकोन काढून माझ्याकडे बघितलं. एवढी पेटी, पुढून जाळीचं दार. तिच्या खानसाम्यानं समजावलं, "कुत्रा जिथं झोपतो तिथं घाण करत नाही. म्हणून त्याला झोपायची खोली द्यायची. उठला की सरळ बाहेर न्यायचं. आठवड्यात शिकतो."

मी पेटी केली आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वीतभर लांब केली. बाईनं पेटी बघितली, हसली, आत गेली, आणि नवऱ्याचा ड्रॉइंगचा बोर्ड आणून पेटीत आडवा खोचला. जागा पुन्हा चौकोनाएवढी. मला राग आला. म्हटलं, काय चिकट बाई आहे. मुक्या जनावराला चार बोटं जागा द्यायला हिचा जीव जातो. सायकलवर येताना वाटभर तिला मनातल्या मनात बोलत आलो. त्या बोर्डाचा अर्थ कळायला मला दहा-बारा वर्षं लागली.

पुढं साहेब मंडळींत ही फॅशन झाली. कुणाकडे अल्सेशियन यायचं, कुणाकडे पांढरं केसाळ काहीतरी. साहेब कागदावर माप लिहून द्यायचे, मी पेटी करून द्यायचो. हळूहळू पिल्लांचंही मलाच विचारायला लागले, कारण पेटी कशी वापरायची हे साहेबांना ठाऊक नसायचं. त्यात विशेष काही नाही हो. पिल्लू झोपून उठलं की बाहेर. खाल्लं की बाहेर. खेळून झालं की बाहेर. रोज तोच दरवाजा, तीच जागा, तोच एक शब्द. तिथं केलं की त्याच क्षणी कौतुक करायचं, घरी येऊन नाही. घरात केलं तर गप पुसायचं. मारायचं नाही, नाक घासायचं नाही, त्यानं पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. आणि फार वेळ कोंडायचं नाही, लहान जीवाला तेवढा दम नसतो. पेटीत मऊ काहीतरी घालायचं, दारावर फडकं सोडायचं. थोडी रडारड होते, मग आतून एक मोठा सुस्कारा येतो आणि सगळं शांत. पिल्लाचा झोपेतला तो सुस्कारा ऐकला की माझेही डोळे जड व्हायचे. किती बंगल्यांच्या व्हरांड्यात मी असा पेटीला टेकून पेंगलोय.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एक साहेब पिल्लानं चप्पल चावली की त्याला पेटीत ढकलून दार आपटायचे. मी सरळ सांगितलं, "साहेब, ही कोठडी नाही, त्याची झोपायची खोली आहे. पेटी परत द्या." दिली नाही, पण दार आपटायचं थांबवलं. दुसरे रहाटणीचे एक जुने शेतकरी. साहेबांकडं बघून हौसेनं आले आणि मलाच विचारायला लागले, "मिस्त्री, कुत्र्याला कोंडायचं म्हंजी? मंग राखण कोन करनार, आमी व्हय?" तरी पेटी घेऊन गेले. महिन्यानं भेटले तेव्हा म्हणाले, "पेटी झ्याक हाय राव. कोंबडी अंड्यावर बसिवलीया."

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या मशीन शॉपला दिगंबर म्हणून टर्नर होता, बीडकडचा. संत तुकाराम नगरात दोन खोल्यांत राहायचा. बायको सुधा आणि नुकती रांगायला लागलेली मुलगी, छकुली. एक दिवस कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला आणि चहा तसाच ठेवून म्हणाला, "मिस्त्री, आप्पांना घेऊन आलोय गावाकडून. कायमचं."

आप्पा म्हणजे त्याचे वडील, शाळामास्तर होते. आई वर्षापूर्वी गेलेली. गाव दुष्काळात रिकामं झालं ते पुन्हा भरलंच नाही, शेजारची दोन्ही घरं बंद. म्हातारा तिथं एकटा हातानं भाकरी करून खात होता. दिगंबरनं तीन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठं यायला तयार झाले. पण येताना कापडी पिशवीत एक पिल्लू घालून आणलं, एसटीत मांडीवर धरून. दारातल्या कुत्रीचं शेवटचं पिल्लू, काळं, एक कान पांढरा. नाव बंडू.

"सुधाचंही चुकत नाही," दिगंबर म्हणाला. "पोरगी जमिनीवर रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. आणि हे खोलीभर करतं. पुढच्या महिन्यात छकुलीचा पहिला वाढदिवस, सुधाचे आईवडील यायचेत. ती म्हणली, त्याच्या आत बंडू शिकला तर राहू दे, नाहीतर गावाकडं सोडून या. तर आप्पा म्हणले, बंडू गेला तर मीबी जातो."

मी विचारलं, "खरंच जातील?"

"आजपर्यंत जे म्हणले ते केलं. आणि तिथं त्यांना पाणी द्यायलाही कोणी नाही, मिस्त्री."

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "पेटी माझ्याकडून. वाढदिवसाच्या आधी बंडू शिकला नाही तर रंधा पवना नदीत टाकीन." बोलायला आपल्याला काय लागतं.

ती पेटी मी जीव लावून केली. आतापर्यंत साहेबांच्या कागदावरची मापं होती, इथं माप ठरवणारा मीच. बंडू तेव्हा मुठीएवढा. पण मी म्हटलं, गावठी कुत्रं आहे, वर्षात गुडघ्याला लागेल, दर चार महिन्यांनी का नवी पेटी करायची? आपल्याकडे काय करतात? पोराला शर्ट शिवायचा तर बोटं झाकतील असा, चप्पल घ्यायची तर मागं दोन बोटं राहतील अशी. वाढतं अंग आहे, होईल. मी पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या मापाची पेटी केली. कोपरे गोल केले, जाळीचं दार, वर कडी. रविवारी हातगाडीवर घालून नेली तर गल्ली बघायला बाहेर आली.

आप्पा दारात उभे होते. उंच, वाळलेले, पांढरं धोतर. त्यांनी पेटीवर हात फिरवला, आत डोकावून बघितलं, मग बंडूकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "लई हौसेनं केलीत, मिस्त्री." एवढंच. मी खूश. सुधाला सगळं समजावलं, बाहेरची जागा दाखवली, कडुनिंबाखालची. शब्दही ठरवला. आणि निवांत घरी येऊन झोपलो.

चौथ्या दिवशी दिगंबर शेडमध्ये आला. "मिस्त्री, पेटीतच करतंय." मी म्हटलं, धीर धरा. आठव्या दिवशी आला, तेच. मी विचारलं, उठल्याबरोबर बाहेर नेता का? नेतो म्हणाला. झाडाखाली हुंगतं, परत येतं, आणि पेटीत करतं. मी चिडलो. वाट्टेल ते बोललो. खायला जास्त घालत असाल, म्हाताऱ्यानं लाडावून ठेवलं असेल, गावठी कुत्र्याला अक्कल कमीच. सगळ्यांना नावं ठेवली, पेटी सोडून. आज आठवलं की कसंतरी होतं. मुकं जनावर आपल्या जागी बरोबर होतं आणि मी त्याला मूर्ख म्हणत होतो.

सुधा रोज पेटी घासायची. बोलायची काही नाही, पण बादली जोरात ठेवायची. वाढदिवसाला आठ दिवस उरले तेव्हा दिगंबर पुन्हा आला. या वेळी बसला नाही. "आप्पांनी पिशवी भरली. सोमवारच्या गाडीनं जातो म्हणले. तुम्ही लई केलं, मिस्त्री." आणि शिफ्टला निघून गेला. तो दिवस शनिवार होता.

रविवारी मी दुपारी लवंडलो होतो, पण झोप कसली. बाहेर ऊन शांत पडलं होतं, कुणाच्यातरी रेडिओचा आवाज येत होता. ही खिडकीशी बसून धाकटीचा फ्रॉक शिवत होती. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मी तिचे हात बघत होतो. फ्रॉक लांबलचक, वाढत्या मापाचा. आणि ही तो खालून चार बोटं आत मुडपून टीप घालत होती.

"कमी कशाला करतेस?" मी विचारलं.

"आत्ता पायात येऊन पडेल की ती. वाढली की टीप उसवायची."

मी पडल्या पडल्या त्या टीपेकडं बघत राहिलो. मग डोळ्यांपुढं चिंचवडच्या बंगल्यातली फरशी आली. खडूचा चौकोन. ती हसणारी बाई, तो आडवा खोचलेला बोर्ड. मी ताडकन उठून बसलो. पेटी एवढी मोठी की बंडू एका कोपऱ्यात झोपत होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन येत होता. त्याच्या हिशेबानं तो घराबाहेरच जात होता. मी त्याला झोपायची खोली दिलीच नव्हती, अंगणासकट घर दिलं होतं.

ही म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "गाढव आहे मी." ती म्हणाली, "चहा टाकू?" पण मी तोवर फळी शोधायला लागलो होतो.

पाइनची फळी कापली, कडेला खाचेच्या पट्ट्या घेतल्या आणि सायकल हाणली. आप्पा बाजेवर बसले होते, शेजारी भरलेली पिशवी. मी कुणाशी बोललो नाही. पेटी उपडी केली, धुतली, उन्हात वाळवली. आत दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकल्या आणि फळी सरकवून बसवली. बंडू उभा राहील, फिरेल, झोपेल, बस. तेवढीच जागा. सुधाला म्हटलं, "वहिनी, चूक माझी होती. पिल्लाची नाही, तुमची नाही, आप्पांची तर नाहीच. मला चार दिवस द्या." सुधानं आप्पांकडं बघितलं. आप्पा फळीकडं बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. दिगंबर म्हणाला, "आप्पा, गुरुवारी जा हवं तर." म्हाताऱ्यानं पिशवी बाजेखाली सरकवली. मग म्हणाला, "बरं."

मंगळवारी माझी पहिली पाळी. सकाळी नदीकडून धुकं वर आलेलं, दिवे अजून जळतायत, पाळीला निघालेल्या सायकली नुसत्या घंटीवरून ओळखायच्या. मी मुद्दाम संत तुकाराम नगरातून वळसा घेतला. कडुनिंबाखाली कुणीतरी उभं होतं. सुधा होती. पदर खोचलेला, पायात चप्पल नाही, हातात सुतळी आणि सुतळीच्या टोकाला बंडू. ती वाकून त्याच्या कानाशी बोलत होती, "कर रे बाबा. कर ना लवकर. आप्पा चाललेत रे." मी लांबच थांबलो. बंडूनं हुंगलं, एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि बसला. सुधा हलली नाही. त्याचं झाल्यावर तिनं त्याला तसाच उचलून छातीशी धरला आणि घराकडं पळत सुटली. धुक्यात तिचा आवाज ऐकू आला, "आप्पा, केली हो, बाहेर केली."

मी पाळीला दहा मिनिटं उशिरा पोचलो. टाइम ऑफिसवाल्यानं कारण विचारलं, मी म्हटलं, धुकं होतं.

गुरुवारी आप्पा गेले नाहीत. वाढदिवसाला मी हिला घेऊन गेलो. सुधाच्या आईवडिलांसमोर बंडू पेटीत मुटकुळं करून झोपलेला, छकुली जाळीतून त्याला चुरमुरे देत होती. पुढं दर महिन्याला मी जायचो आणि फळी चार बोटं मागं सरकवायचो. आप्पा फळीच्या प्रत्येक जागेवर पेन्सिलीनं रेघ मारून शेजारी महिन्याचं नाव लिहायचे, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. वर्षानं फळी काढून टाकली. पेटी पुरेपूर बसली. माप चुकलं नव्हतं माझं, वेळ चुकली होती.

मध्ये बरीच वर्षं गेली. छकुली शाळेत जायला लागली, दिगंबर चार्जहँड झाला, म्हणजे टर्नरांवरचा मुकादम. ऐंशी सालही मागं पडलं होतं तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी मी गेलो होतो. आप्पा दारात खुर्चीवर, पाय शालीत. शेजारी पेटी, तिचं दार केव्हाच काढून टाकलेलं. बंडू आत झोपला होता, तोंड राखाडी झालेलं, हनुवटी उंबऱ्यावर. कडुनिंबाची फुलं गळत होती, त्याच्या पाठीवर पडत होती. आम्ही दोघं बराच वेळ तेच बघत बसलो होतो.

आप्पा एकदम म्हणाले, "मिस्त्री, तुमची पेटी मोठी झालीय हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

मला वाटलं, झोपेतच ऐकतोय. "मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर राहावं लागलं असतं."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते बंडूकडंच बघत होते. "पोराला कसं सांगायचं, की मला तुझ्या घरी करमत नाही? तिथं दिगंबरच्या आईची चूल होती, तिचं तुळशीचं रोप होतं. बंडूमुळं जावं लागलं म्हणजे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. म्हणून गप्प बसलो. तुम्ही फळी घेऊन आलात, मला तुमचा असा राग आला, काय सांगू."

इतकी वर्षं ज्या फळीचा मी अभिमान धरला, ती म्हाताऱ्याच्या वाटेत आडवी घातली होती मी. कसंबसं विचारलं, "मग गुरुवारी गेला का नाही?"

"मंगळवारी सकाळी बंडू कण्हायला लागला. माझी पाळी होती न्यायची. जागा होतो मी, मिस्त्री. मुद्दाम पडून राहिलो. करू दे पेटीत, म्हटलं, सुटलो." त्यांनी शाल नीट केली. "तर ही पोरगी उठली. मला झोप लागलीय समजून माझ्या अंगावर पांघरूण घातलं, आणि अनवाणी बाहेर गेली. मी खिडकीतून बघत होतो."

कंपन्यांचे भोंगे व्हायला लागले, एकामागून एक.

आतून सुधाची हाक आली, "आप्पा, आत या आता, गार पडलंय. बंडूलाही घ्या."

"आलो गं," आप्पा म्हणाले, आणि वाकून बंडूला उठवायला लागले.